ताज्या पाण्याच्या पायऱ्या

९ जानेवारी २०२५

प्राचार्य व्यंकटरावांनी आज आमच्या प्रयोगशाळेतला स्टॅबिलायझर उचलून नेला. केबिनमधल्या एसीला हवा होता म्हणे. परभणीत जानेवारीत माणसं शेकोटीभोवती बसतात आणि ह्यांना एसी! मी विचारलं, विजेचा दाब वरखाली झाला तर माझ्या यंत्रांनी काय करायचं? तर म्हणाले, "रंगनाथराव, तुमच्या थेंबाथेंबाला काय करायचाय स्टॅबिलायझर? मे महिन्यात तर तुमी रिटायर व्हायलात." दोन शिपाई तो घेऊन निघाले आणि दार मीच उघडून धरलं. त्याचाच जास्त संताप आला. घरी येऊन भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बायकोवर, विमलवर ओरडलो. मीठ बरोबर होतं.

तीस-बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. माझ्या मागून आलेले प्राचार्य झाले, कमिट्यांवर गेले, परदेशात जाऊन फोटो काढून आले. माझ्या नावावर काय? हजेऱ्या. जायच्या आधी एक तरी गोष्ट अशी व्हावी की ह्या लोकांना माझं नाव विसरता येऊ नये.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोलायचा दिवस, म्हणून दिवसभर गप्प राहिलो.

सुकेशनी तिळगूळ द्यायला आली. ही माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. बोरी गावची आहे, वडील सिद्धोधन जिल्हा परिषदेच्या शाळेत कारकून. पोरगी चिवट आहे. दीड वर्ष खपून तिनं दोन पडदे तयार केले आहेत, रुपयाच्या नाण्याएवढे. एक काळा, एक पांढरा. केसाच्या जाडीचे दहा-वीस हजार भाग करावेत एवढी बारीक भोकं दोघांना आहेत, अगदी सारखी. काळ्याच्या भोकांना आतून कार्बनचं अस्तर आहे, पांढऱ्याचं अस्तर वेगळं. कितीतरी पडदे फुटले तेव्हा हे दोन हाती लागले. मी मार्गदर्शन केलं, म्हणजे प्रत्येक पडदा फुटल्यावर ओरडलो. दोन्ही काचेच्या वाट्यांत पाण्याखाली ठेवावे लागतात, एक दिवसाआड पाणी बदलावं लागतं. वाळले की तडकतात.

एवढ्या अरुंद वाटेत शिरलं की पाणी आपले नेहमीचे नियम पाळत नाही, असं जगभर बोललं जातं. कसं पाळत नाही ते आम्हाला मोजायचं आहे.

लोक काही म्हणोत, मी तसला भेद मानत नाही. सुकेशनी माझ्या घरी दोनदा चहा पिऊन गेली आहे. विमलने कपसुद्धा वेगळा काढला नव्हता.

१७ जानेवारी

आज जे पाहिलं ते आधी लिहून ठेवतो.

दुपारी नळ आले. आठ-दहा दिवसांनी आले म्हणून गावभर धावपळ. आमचीही. बोअरचं पाणी इतकं जड की डिस्टिलेशनच्या भांड्यात क्षारांची खापरं धरतात, म्हणून आम्ही नळाच्या पाण्यावरच काम करतो, तेही ताज्या. कॉलेज गावच्या टाकीजवळ असल्यामुळे तिथं पाणी आधी मिळतं, मागच्या आमच्या कॉलनीला तासाभराने. तेवढ्यात आम्ही पाणी उकळून, गार करून, काळा पडदा यंत्रात बसवला आणि पंप सुरू केला. पंपाचा जोर कायम ठेवलेला. कॉम्प्युटरवर प्रवाहाची रेघ सरळ आडवी जायला हवी.

ती सरळ गेली, गेली, आणि खाली उतरली. उतार नाही, पायरी! मग पुन्हा सरळ, पुन्हा पायरी. जिना उतरावा तशी रेघ खाली आली, खाली बराच वेळ डळमळली आणि तासा-दीड तासानं तशीच पायरी पायरीनं वर चढून होती तिथं आली. सगळ्या पायऱ्या जवळजवळ सारख्या उंचीच्या.

सुकेशनी म्हणाली, "सर, हे काय व्हायलंय?" मी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसलो.

घरी आलो तर विमल मिक्सरवर वैतागलेली. "नळ आले की एकेका घरची मोटार लागती आन् मिक्सर बसतो. चटणी तशीच अर्धी राहिली बघा." कॉलनीतल्या ह्या मोटारी मीच सोसायटीचा सचिव असताना एकगठ्ठा आणल्या होत्या. सगळ्यांना एकाच कंपनीच्या, अर्ध्या एचपीच्या, घाऊक भावात. आभार कुणी मानले नाहीत, तक्रारी मात्र माझ्याच घरात. जाडसर चटणी खाल्ली आणि लिहायला बसलो.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, व्यंकटरावांचं भाषण सोसलं, आणि देव पावला तसे नळ आले. पुन्हा पायऱ्या! तशाच, त्याच उंचीच्या.

अणूच्या जगात निसर्ग सुट्टं देत नाही. दूधवाला मापानंच दूध घालतो, अर्धं माप मागितलं तरी देत नाही, तसं. ऊर्जा मापामापानं. त्याला क्वांटम म्हणतात आणि ते इलेक्ट्रॉनसारख्या बारक्या कणांपुरतं असतं असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. आज परभणीच्या नळाचं पाणी माझ्या डोळ्यांसमोर तसं वागलं. मापामापानं उतरलं, मापामापानं चढलं.

विमलला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." आणि उन्हात वाळत घातलेल्या शेवया आत आणायला गेली.

३० जानेवारी

आज नळ नव्हते. साठवलेल्या पाण्यावर प्रयोग करून पाहिला. रेघ सपाट, मेलेल्या माणसासारखी. काल परवाही तसंच.

काल रात्रभर विचार केला आणि उलगडा झाला. पाणी शिळं होतं तशी त्याच्या रेणूंची आतली बांधणी बिघडत असणार. पायऱ्या फक्त ताज्या पाण्यातच येतात! हा तर शोधातला शोध. शोधनिबंधाचं नावही ठरवलं. सपाट रेघांचे कागद सुकेशनीला फेकून द्यायला सांगितले. तिनं ते घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवले. ठेवू दे.

५ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. पायऱ्या आल्या होत्या, मी खुशीत होतो, आणि ही पोरगी म्हणते, "सर, पंप एकदा बॅटरीवर चालवून बघू का? आमच्या घरी इन्व्हर्टरची हाय, बाबांना सांगून आणते."

"कशाला?"

"इथल्या लाइटीचं काही खरं नाही ना, सर. स्टॅबिलायझर बी गेलाय."

"म्हणजे माझा शोध लाइटीचा खेळ आहे?"

"तसं नाही म्हणत, सर. खात्री करून घेऊ म्हणते. नळाच्याच दिवशी का येतंय, तेवढं बघू."

"ताज्या पाण्यामुळे येतंय. तीनदा सांगितलं तुला."

ती गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं डोक्यात जातं. उलट बोलली असती तर परवडलं असतं.

इथं खोटं कशाला लिहू? बॅटरीवर एकदा करून पाहण्यात काही बिघडत नाही, हे मलाही कळतं. पण तिनं सांगितलं आणि मी केलं, तर उद्या लोक म्हणणार की डोकं तिचं होतं. आणि समजा पायऱ्या नाही आल्या... नाही, येतीलच. मग करायचं कशाला?

१६ फेब्रुवारी

स्थानिक पेपरात बातमी आली, फोटोसह. 'परभणीच्या प्राध्यापकाने उलगडले पाण्याचे गूढ.' सकाळपासून फोन. कॉलनीने शाल-नारळ दिला. व्यंकटराव स्वतः केबिनबाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या कॉलेजचं नाव काढलं, लय आनंद झाला." मनात म्हटलं, स्टॅबिलायझर परत देता का? नाही मागितला. आता त्याच्यावाचून अडत तर नाही.

पुण्याच्या एका मोठ्या संशोधन संस्थेला निबंधाचा मसुदा पाठवला होता. त्यांचा माणूस एप्रिलमध्ये प्रयोग बघायला येतोय. पूर्वी ह्याच लोकांनी माझ्या पत्रांना पोच देण्याचंही सौजन्य दाखवलं नव्हतं.

३ मार्च

सुकेशनी त्या आणि तसल्याच आणखी सपाट रेघा घेऊन आली. काळ्या पडद्याच्या एकीकडे, पांढऱ्याच्या एकीकडे.

"सर, भोकं दोघांची सारखीच हायेत. जोर सारखा, पाणी तेच. तरी काळ्यातून पाणी कितीतरी जोरात पळायलंय. दर वेळी. नुसती नळी असती तर अस्तरानं एवढा फरक पडला नसता. मला वाटतंय पाण्याला भिंतीतले इलेक्ट्रॉन जाणवायलेत. खरं क्वांटम असलं तर ते हितं असंल, सर."

मी म्हटलं, "बाई, आपण पायऱ्या शोधल्या आहेत. हे म्हणजे लग्नात येऊन मांडवाचे खांब मोजण्यासारखं झालं."

ती हसली नाही. "बॅटरीवर बी हेच येतंय," म्हणाली.

म्हणजे माझ्या पाठीमागे बॅटरी आणली तर! कधी आणली, कुणाला विचारलं, आणि पायऱ्यांचं काय झालं, असं विचारणार होतो. शेवटचं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. ती वाट्यांतलं पाणी बदलायला गेली.

१९ मार्च

निबंधावर तिचं नाव दुसरं घातलं होतं. मोठ्या मनानं घातलं होतं. ती म्हणाली, "सर, माझं नाव काढा."

"का?"

"मला ते खरं वाटत नाही."

दुसऱ्या कुणा गुरूनं त्याच क्षणी हाकलली असती. मी शांतपणे म्हटलं, ठीक आहे, नाव काढतो, पण मग तुझ्या सहामाही अहवालावर माझीही सही नाही. ज्या कामावर तुझा विश्वास नाही त्याची प्रगती मी कशी सांगू? सहीशिवाय तिची फेलोशिप थांबते हे मला माहीत होतं. वाटलं, रडेल, ऐकेल, दोन दिवसांनी सगळं सुरळीत होईल.

तिनं ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला. जाताना एवढंच म्हणाली, "सर, वाट्यातलं पाणी तेवढं बदलत जा. उन्हाळा लागलाय, लवकर आटायलंय."

हुकूम सोडून गेली.

२१ मार्च

तिचे वडील आले होते. सिद्धोधन. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. मी ओसरीवरच उभ्यानं बोललो. आत पाहुणे होते. म्हणजे येणार होते.

"सर, पोरगी लहान हाय, चुकलं असंल तिचं. आमी पाया पडतो."

"चुकलं असं ती म्हणते का?"

त्यांनी पुडा ह्या हातातून त्या हातात घेतला. खोटं बोलता येत नव्हतं बहुतेक. "तसं न्हाई म्हणत ती, सर. पण तिच्या वतीनं मी म्हणतो की. आमच्या घरात एवढं शिकणारं तीच पयली. लय कष्ट काढले हो तिनं."

मी म्हटलं, तिला येऊ द्या, तिच्या तोंडून ऐकू द्या. पेढे घ्यायला विमल बाहेर आली, आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "बसा तरी म्हणायचं व्हतं." दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ह्या घरात माझ्या बाजूनं कुणीच नाही.

४ एप्रिल

आजचा दिवस माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

पुण्याचे पाहुणे सकाळी आले, एकटेच. तरुण, चष्मेवाले, नम्र. नळाचा दिवस बघूनच बोलावलं होतं. आणि जिंतूर रोडवर मुख्य पाइपलाइन फुटली! गावात नळ नाहीत. साठवलेलं पाणी वापरावं लागलं. पडदे ठीक होते. पाहुणे येणार म्हणून मी स्वतः पाणी बदललं होतं. रेघ सपाट. तास गेला, दोन गेले. व्यंकटराव, पत्रकार, कॉलनीतले लोक एकेक करून चहा पिऊन सटकले. मी ओरडून सांगत होतो, पाणी शिळं आहे, ताज्या पाण्यावर बघा! पाहुणे म्हणाले, "सर, ताज्या पाण्याचा आणि ह्याचा संबंध मला नीट कळला नाही." परभणी महापालिकेनं माझा घात केला.

नंतर तो गृहस्थ, उगाच सौजन्य म्हणून असेल, सुकेशनीनं मार्चमध्ये आणून टेबलाच्या कप्प्यात ठेवलेले सपाट रेघांचे कागद चाळत बसला. जेवायलाही उठेना. काळा, पांढरा, काळा, पांढरा, असं बोट फिरवत होता. "हे पडदे कुणी केले?" मी म्हटलं, होती एक विद्यार्थिनी.

५ एप्रिल

पाहुण्यांना स्टेशनवर सोडलं. गाडीत चढताना म्हणाले, "त्या मुलीला आणि त्या दोन पडद्यांना मे महिन्यात आमच्याकडे पाठवा. राहण्याचं आणि पगाराचं आम्ही बघतो. पडदे मात्र जपा, तिच्या हातचं तसं काम पुन्हा जमेल न जमेल." पायऱ्यांविषयी अवाक्षर नाही. माझ्या तोंडाला पानं पुसली आणि निरोप्याचं काम दिलं.

स्टेशनवरून परस्पर कॉलेजला गेलो, प्रयोगशाळेला कुलूप घातलं आणि किल्ली घरी खिळ्याला टांगली. झालं तेवढं विज्ञान पुरे.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक होती. बाजारात गर्दीत सुकेशनी दिसली, पांढऱ्या साडीत, आईबरोबर. तिनं मला पाहिलं, इकडे यायला वळली. मी चपलांच्या दुकानात शिरलो. नको असताना तीन जोड पायात घालून बघितले. बाहेर आलो तेव्हा मिरवणूक पुढे गेली होती. सध्या बोरीला कुठल्याशा क्लासमध्ये शिकवते म्हणे.

निरोप सांगायचा राहूनच गेलाय. सांगू सवडीनं. घाई कसली?

२३ एप्रिल

नीट क्रमानं लिहितो.

ऊन भयंकर. दुपारी बनियनवर पंख्याखाली पडलो होतो. बऱ्याच दिवसांनी नळ आले. विमल टाकीपाशी गेली. शेजारच्या घरी मोटार लागल्याचा आवाज आला आणि पंखा थोडा मंदावला. पलीकडच्या घरी लागली, पंखा आणखी मंदावला. समोरच्यांची लागली. आणखी एक. मी डोळे उघडून पात्यांकडे बघत होतो. प्रत्येक मोटारीला एक पायरी. सगळ्या पायऱ्या सारख्या.

विमल बाहेरून ओरडली, "अहो, झोपलात का? आपली मोटार लावा की!"

उठलो आणि बटण दाबलं. पंखा एक पायरी खाली आला. ती मी स्वतः दाबली होती.

तिथंच भिंतीला टेकून बसलो. कॉलेज आणि कॉलनी विजेच्या एकाच डीपीवर. पंपाला स्टॅबिलायझर नाही. मोटारी लागल्या की रेघ खाली, टाक्या भरून मोटारी बंद झाल्या की रेघ वर. आणि माप सारखं का? तर मोटारी सगळ्या एका कंपनीच्या, अर्ध्या एचपीच्या, मीच आणलेल्या. शाल-नारळ घेतला तो गल्लीतल्या मोटारींचा. तिला हे फेब्रुवारीतच दिसलं होतं. आणि तिनं दाखवलेलं, काळ्यातून पळणारं पाणी, ते खरं होतं. ते मोटारी नव्हत्या तेव्हा, बॅटरीवर, शिळ्या पाण्यातही होतं. म्हणून तो माणूस जेवायला उठला नाही.

पायात चप्पल अडकवली, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि कॉलेजला गेलो. कुलूप उघडलं. आत भट्टी. दोन्ही वाट्या कोरड्या ठाक. पांढऱ्या पडद्याच्या आरपार एक तडा होता. काळा मी बोट लावून बघितला. त्याचा भुगा झाला, काळा, काजळासारखा. पाच तारखेपासून आत कुणी आलं नव्हतं. म्हणजे मी आलो नव्हतो.

बाहेर कॉलेजच्या नळाला पाणी वाहत होतं. तोटी गेलेली, कुणी बसवली नव्हती.

तिथूनच सुकेशनीला फोन लावला. काय बोलणार होतो? बॅटरीचं बोलणार होतो. तुझं बरोबर होतं, एवढं एकच वाक्य. तिनं लगेच उचलला. नमस्कारही न करता म्हणाली, "सर! वाट्यातलं पाणी बदलायलात ना?"

मी म्हटलं, "हो."

तिकडे मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. "लय काळजी लागली व्हती हो, सर. बाबांना म्हणत व्हते, जाऊन बघून यावं का. पण तुमी रागावले असताल म्हणून आले नाही."

मग मी पुण्याचा निरोप सांगितला. सगळा सांगितला, पगार, राहणं, पडदे घेऊन ये म्हणाले ते. सही पण करतो म्हटलं. मग "बाबा, बाबा!" अशी हाक ऐकू आली, भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं. सिद्धोधन फोनवर आले. "सर, तुमचे उपकार..." एवढंच म्हणत राहिले. त्या माणसाला मी बसा म्हटलं नव्हतं.

फोन परत तिच्याकडे गेला. "सर, मी उद्या सकाळच्या एसटीनं येते. पडदे आधी बघते, मग बाकीचं."

"ये," म्हटलं.

फोन ठेवला आणि दोन्ही वाट्या नळाखाली धरून काठोकाठ भरल्या. पांढरा पडदा अलगद तळाशी ठेवला. काळ्याचा भुगा दुसऱ्या वाटीत टाकला, तो पाण्यावर तरंगत राहिला. बोटानं दाबून बघितला. खाली जात नाही.